होटगी रोड, गाळा नंबर चार

भोगशेट्टी म्हणाला, साहेब, सोन्याला भाडं येत नाही.
अठ्ठावन्न लाख. तळमजला, रस्त्याला तोंड,
आणि आत आयता भाडेकरू :
कॉफीचं दुकान, महिना बावीस हजार,
एक तारखेला, न मागता.

एकतीस वर्षं मी सहकारी बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या,
यंत्रमागाच्या, रसवंतीच्या, एका सर्कशीचीसुद्धा.
तारण काय, एवढंच विचारायचो.
आता पैसा माझा,
म्हणजे तारणही मीच.

बावीस गुणिले बारा, दोन लाख चौसष्ट.
अठ्ठावन्न लाखांवर साडेचार टक्के,
घरपट्टी आणि गच्चीची गळती धरायच्या आधी.
मुदतठेव न बोलता सात देते.
सुमित्रा म्हणते, ठेवीला शटर नसतं,
पाहुण्यांना काय दाखवायचं, पावती?

म्हणून जाऊन बसलो. एप्रिलात, नऊ दिवस,
चार ते आठ, कोपऱ्यातलं टेबल, खिशात डायरी.
भाडेकरू टिकला तर भाडं टिकेल
आणि भाडेकरू टिकतो कपावर.

पहिल्या दिवशी सव्वीस कप.
दुसऱ्या दिवशी एकतीस,
त्यातले दोन परत आले, कडू लागतं म्हणून.
दूध सात लिटर. दोन पोरं पगारी.
एसीचं मीटर स्टँडवरच्या रिक्षासारखं पळतं.
समोरच्या टपरीवर दहाचा चहा
माणसं उभ्याने पितात आणि कामाला लागतात.
इथे दोघांत एक कोल्ड कॉफी,
दोन स्ट्रॉ,
अडीच तास.
डायरीत लिहिलं : जागा अडली.

मालकीण शैलजा गाजूल, सत्ताविशीची असेल.
वडिलांचे आठ माग भंगारात गेले, किलोच्या भावाने,
त्या पैशात हे मशीन आलं.
ते दळायला लागलं की
ती जरा मोठ्याने बोलते, मागावरच्या माणसांसारखी.
बिलं एका जुन्या धोट्याखाली दाबून ठेवते.
मी म्हटलं, आठवण वाटतं?
म्हणाली, पंख्यानं उडतात की ओ.

पाचव्या दिवशी लाइट गेली.
बाहेर त्रेचाळीस. इन्व्हर्टरवर नुसते पंखे.
म्हटलं, आता उठतील सगळे.
कुणी उठलं नाही.
नर्सिंगच्या दोघी वहीने वारा घेत
हाताच्या हाडांची नावं घोकत होत्या,
आपल्याच मनगटावर बोट ठेवून.
औषध कंपनीचा पोरगा बॅगेवर डोकं टेकून झोपलेला.
आणि ती रोजची बाई, मुलाचा क्लास सुटेपर्यंत बसणारी,
समोरची कॉफी गार करत.

मी जे चौरस फुटाने विकत घेणार
ते ही कपाने भाड्याने देते.
यात कॉफी नेमकी कुठे येते
हे मला फायलीवर लिहिता आलं नसतं.

सातव्या दिवशी तिने विचारलंच,
काका, रोज काय मोजायलाव?
सांगितलं खरं ते.
काउंटर पुसत राहिली.
घ्या की, म्हणाली, गाळा चांगला हाय.
मग फडकं पिळून :
भोगशेट्टींनी सांगितलं का,
माझं तीन महिन्यांचं भाडं थकलंय?

एकतीस वर्षांत
स्वतःची थकबाकी स्वतःहून सांगणारं
दुसरं कुणी आठवेना.
आणि हिने तर माझ्याकडे
कर्ज मागितलंच नव्हतं.

नवव्या रात्री बेरीज मांडली. तोटा.
फार नाही, पण तोटाच.
पुन्हा तपासली, जुनी सवय.
माझे नऊ कप मी धरलेच नव्हते.
धरले. तरीही तोटा.

भोगशेट्टीचे चार फोन येऊन गेले.
सुमित्रा विचारते, काय ठरलं?
म्हटलं, आकडे बघतोय.

दहाव्या दिवशी डायरी घरी राहिली.
पोराने न विचारता कप आणून ठेवला.
एकशे दहा रुपये.
महागच आहे.