एक सूत

बंपरच्या कडेशी भिंतीवर खडूची रेघ ओढली.
चहा टाकून आले, तोवर
झेन रेघेच्या खाली दोन बोटं.
ना आवाज, ना जमिनीवर थेंब.
कुणी उठून गेल्यावर गादी हळूहळू वर येते,
त्याच्या बरोबर उलट.

म्हटलं, डिंगणकरांचाच माल. असाच असणार.

डिंगणकर गेले बाणेरला, मुलाच्या अकराव्या मजल्यावर.
तिथं गाडीच लिफ्टने वर जाते,
जॅक कशाला लागतोय.
जाताना हा लोखंडी गाडा आमच्या गॅरेजात ढकलला
आणि नेहमीसारखं अर्धंच बोलले,
"तेल तेवढं बघत जा, वृंदाताई."
बघितलं. कमी होतं. घातलं.
त्याला दोन वर्षं झाली.
तेव्हापासून सहकारनगरात ज्याला त्याला सांगते,
म्हाताऱ्याने डोकेदुखी गळ्यात मारली.

आधी सोपं ते.
दांडा डावीकडे फिरवून व्हॉल्व्ह मोकळा केला,
बूच काढलं, रिकामाच पंधरा वेळा हापसला.
बुडबुडे आले चार-दोन, पाहुण्यासमोर
दाबलेल्या ढेकरेसारखे.
व्हॉल्व्ह आवळला. गाडी वर. नवी रेघ.
पुन्हा दोन बोटं.

म्हणजे दुखणं आतलं.

जुन्या परातीत सगळं खोललं.
काढलं त्याच क्रमाने मांडत जायचं,
हे शिवणयंत्राने मला शिकवलंय, कुठल्या माणसाने नाही.
नट, दट्ट्या, स्प्रिंग,
आणि ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी,
जी बाहेर आली आणि पळाली.
तिच्यामागे पाऊण तास मी गुडघ्यांवर.
शेवटी फ्रिजवरचा जेजुरीचा लोहचुंबक दोरीला बांधला
आणि पणत्यांच्या खोक्यामागून तिला ओढून आणली.

मग परातीकडे नीट पाहिलं.
तेल पिवळट, पातळ, वास गोडूस.
रबराची रिंग फुगलेली,
रात्रभर पाण्यात राहिलेल्या मनुकेसारखी.

बोहरी आळीत हुजेफाभाईंनी ती चिमटीत धरली,
नाकाशी नेली,
व्हर्नियर लावायच्या आधीच विचारलं,
"ब्रेक ऑइल. कुणी घातलं?"

दुकानात आणखी तीन गिऱ्हाईकं.
"आधीच्या मालकाने," मी म्हटलं.
ते खण उघडत राहिले, मिटत राहिले.
"जॅक बिघडला नाहीये, ताई. बिघडवलाय."
दोन रिंगा, एक वॉशर, बत्तीस नंबरचं तेल अर्धा लिटर.
बिलासाठी नाव विचारलं,
तेवढं मात्र खरं सांगितलं.

घरी येऊन सगळं डिझेलने धुतलं.
सिलिंडर आतून आरसा. एक ओरखडा नाही.
वीस वर्षं वापरून म्हाताऱ्याने असा ठेवला होता.
रिंग नव्या तेलात बुडवून चढवली,
कासार बांगडी भरतो तशी,
जोर न लावता, हाताला हात बोलू देत.

रात्री गाडी वर. तिसरी रेघ.
शेजारी स्टँड उभा केला.
जॅकवर विश्वास ठेवावा,
पण त्याच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.
झोप लागली नाही म्हणता येणार नाही,
पण दोनदा जिना उतरून आले.

सकाळी तळजाईवर मोर ओरडत होते.
टॉर्च लावला, पट्टी लावली.
एक सूत.

बाणेरला फोन केला.
"डिंगणकर, तुमचा जॅक रात्रीत एक सूत उतरतो."
तिकडून आधी नुसता वारा, अकराव्या मजल्याचा.
"तेवढा उतरायचाच," ते म्हणाले. "घेतल्या दिवसापासून."
मग जरा थांबून,
"तेल कुठलं घालता?"
"बत्तीस नंबर."
"हां. आणि आधी?"

शेजारी कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.
आमचा नव्हता.
तरी म्हटलं, ठेवते, गॅसवर आहे.