साक्षीदार क्रमांक तीन

मतदानाच्या दिवशी मी कारवारच्या खाली होतो,
बावीस वाव पाण्यात, जाळं ओढत.
यादीत मात्र माझ्या नावापुढे सही आहे:
लाडू शिवा खवणेकर.
सुबक, वळणदार.
मी अंगठा लावतो.

शेवंती टिकम एका मताने पडली.
घरी येऊन तिने सुकत घातलेले बांगडे उलटे केले
आणि दुसऱ्या दिवशी देवगडात वकील गाठला.

मग तारखा.
साहेब रजेवर. यंत्र तहसीलच्या खोलीत, लाखेखाली.
दाजी कुबल खुर्चीत, जेटीला दिवे लावून मोकळा.
तारखेला आम्ही एकाच एसटीने जायचो,
जिंकलेला, हरलेली, आणि मधल्या सीटवर मी.
एकदा तर दाजीनेच माझं तिकीट काढलं.

चौथ्या नारळी पुनवेनंतर पिंजऱ्यात उभा राहिलो.
वकिलाने विचारलं,
गावात असतास तर मत कोणाला दिलं असतंस?
मी तोंड उघडलं.
साहेबांनी पेन वर केलं.
"ते सांगायचं नाही.
कोणालाच. मलासुद्धा."

माझ्या मालकीचं काही
कुणी असं झाकून ठेवायला सांगितलं नव्हतं आजवर.

निकाल लागला तेव्हा मुदतीचे एकवीस दिवस उरले होते.
निवडणूक रद्द.
पायऱ्या उतरताना शेवंती पदराने तोंड पुसत म्हणाली,
"परत उभी रवतलंय."
दाजी हसला. एसटी सुटायला वेळ होता, चहा त्याने सांगितला.

तांडेलाला मी आत्ताच सांगून ठेवलंय,
त्या दिवशी बोट माझ्याशिवाय सोड.
रात्री धाकटीच्या पाटीवर सही गिरवतो.
ला बरा येतो.
डू अजून घसरतो.