माप

गॅलिशियाच्या किनाऱ्यावर त्या दिवशी
ओहोटी पहाटे सहाला लागणार होती.
मी पावणेसहाला हजर. प्रश्नावलीची सोळा पानं
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पायात उसने गमबूट.
बायका आल्या, बादल्या आल्या, खुरपी आली.
वाळूत वाकलेली पाठ
कुणाचा रामराम घेत नाही.

तीन दिवस मी नुसते शिंपले मोजले.
मोजणं येतं मला, विद्यापीठानं तेवढं शिकवलंय.
चौथ्या दिवशी तिनं हातात खुरपं दिलं,
"उभ्यानं काय दिसणार?
दोन भोकं शेजारी शेजारी दिसली
की खाली कुणी श्वास घेतंय समज."
मी ते वहीत उतरवलं,
'पद्धती' या शीर्षकाखाली.

तिच्या कमरेला पितळी माप, सुतळीनं बांधलेलं.
त्यातून घसरेल तो शिंपला लहान,
तो परत वाळूत.
विचार न करता ती करायची हे,
आपण कपाळावरचा केस मागे सारतो तसं.

टेप सत्तेचाळीस मिनिटांची.
वारा, समुद्रपक्षी, बादलीची कडी,
मध्येच तिचा आवाज:
"नवरा गेला त्या हिवाळ्यात
रोज पहाटे दारात जळण असायचं. रचलेलं, कोरडं.
कोण ठेवायचं, कळलं नाही.
मंडळाची माणसं असतील."
(शांतता, अकरा सेकंद.)

"या शांततेला कोणता कोड दिलास?"
प्राध्यापक बाल्तासार चष्मा पुसत म्हणाले.
"आणि नऊच बायका? नऊ जणींवरून
तू कितीजणींबद्दल बोलणार?"
मी म्हटलं, नऊ.
ते हसले नाहीत.

संमतीपत्रावर सही घेताना सांगितलं,
नाव बदलेन, कुणी ओळखणार नाही तुम्हाला.
ती भडकली.
"चाळीस वर्षं वाकले इथं.
पुस्तकात ताठ उभं राहायची वेळ आली
तर नावच काढून घेतेस?"
मी नियम वाचून दाखवला, दोनदा.
मग तिला एकदम हसू फुटलं.
"ओब्दुलिया लिही. शेजारीण माझी.
कुंपणाच्या भिंतीवरून अकरा वर्षं बोलत नाही आम्ही.
राबू दे तिला थोडं माझ्या थंडीत."

नववी मुलाखत ओब्दुलियाची.
खरीखुरी. तीन वेळा नाही म्हणाली,
चौथ्यांदा कॉफी ठेवली.
गुडघ्यांबद्दल बोलली, शिंपल्यांच्या भावाबद्दल,
लंडनला भांडी घासणाऱ्या मुलाबद्दल.
मी टेप बंद केली, बूट चढवायला लागले,
तेव्हा खिडकीकडे बघत म्हणाली,
"त्या हिवाळ्यात जळण मी ठेवायचे.
भांडण भिंतीचं होतं, चुलीचं नव्हतं."
आणि लगेच, "हे लिहायचं नाही हं."

नाही लिहिलं.
मापातून घसरलेलं परत वाळूत ठेवलं,
आणि घरापर्यंतची सगळी वाट
त्या मापालाच शिव्या दिल्या.

प्रबंध मंजूर झाला. पान एकशे बारावर छापलंय,
ओब्दुलिया सांगते: 'रोज पहाटे दारात जळण असायचं.
कोण ठेवायचं, कळलं नाही.'
अवतरणचिन्हं बरोबर आहेत.
वाक्य शब्दाशब्दानं खरं आहे.

(इथली नावं मी पुन्हा एकदा बदललीत.
भिंत अजून आहे.)