बिल क्रमांक एक

गुरुवार, दुपारी तीन ते पाच.
वेळापत्रकात विषय आहे 'व्यवसायाची तयारी'.
किसुमूची वीज गेलेली, पंखा मान टाकून,
खिडकीतून सरोवराचा वास,
वाळत घातलेल्या ओमेना मासळीचा,
आणि माध्यम विभागातली शेवटच्या वर्षाची एकोणीस मुलं,
दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं
तशी माझ्याकडे बघणारी.

माझं वर्तमानपत्र बुडालं त्याला सहा वर्षं झाली.
छपाईयंत्र भंगारात गेलं, किलोच्या भावानं.
हे मी पहिल्याच तासाला सांगून टाकते,
नंतर कुणी म्हणायला नको
बाई हातचं राखून शिकवतात.

तर लिहून घ्या.
फाइलला धड नाव द्या.
'शेवटचं', 'अगदी शेवटचं', 'आता खरंच शेवटचं' ही नावं नव्हेत,
हा आक्रोश आहे.
कामाची प्रत दोन ठिकाणी: एक आपल्याकडे,
एक अशा मावशीच्या कपाटात
जिला कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटते.
शोरील दोन मिनिटांची, चांगलं ते आधी,
भुकेल्यापुढे ताट झाकून ठेवत नाहीत.
आणि 'पैसे किती देणार?'
हे वाक्य आरशासमोर म्हणा,
दहादा, न हसता.

न्याबोके हसलीच.

मग कागद वाटले.
'पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?'
खाली तीन ओळी रिकाम्या.
कुणी नैरोबी लिहिलं, कुणी दोहा,
एकानं नुसतंच 'वर'.
ओगुतूनं लिहिलं:
पहाटे पाच वाजता, स्टुडिओत.

त्याचा 'अनुभव'चा रकाना कोरा होता.
मग पहाटेचं ते काय रे?
म्हणाला, गावच्या रेडिओवर वारा वाचतो, धोलुओमधून.
कुठल्या काठाला कसा सुटेल,
होड्या किती आत न्यायच्या, न्यायच्या की नाही.
किती दिवस? तीन वर्षं.
'पण ते काम नाही बाई,
ते नुसतं लवकर उठणं.'

ऐकतं कोण?
'काका ऐकायचे.'

त्या 'ऐकायचे'पाशी
मुरलेल्या बातमीदारानं पुढचा प्रश्न विचारायचा असतो.
मी नाही विचारला.
त्याचीच पेन्सिल घेऊन रकान्यात लिहिलं:
वारा वाचणे. तीन वर्षं. एकही खाडा नाही.

त्यानं ते दोनदा वाचलं,
आणि शिकवल्याप्रमाणे उलट प्रश्न केला:
'तुम्ही कुठे असाल बाई, पाच वर्षांनी?'

तेवढ्यात वीज आली.
पंख्यानं एकोणीस जणांची भविष्यं उधळली,
सगळे बाकांखाली शिरले ती गोळा करायला,
न्याबोकेच्या हाती कुणाचं तरी दोहा लागलं,
आणि मी सुटले.

सोमवारी झोप लागेना.
पाचला रेडिओ लावला.
मी वर्गात सांगितलं होतं, थांबायचं ते आकड्याआधी.
ओगुतू काठाचं नाव घेऊन थांबतो,
इतका, की वाटलं स्टेशन गेलं.
मग कळलं,
तेवढ्या वेळात कुणीतरी कुठेतरी
पाण्यात ढकललेली होडी
परत ओढून घेत असणार.
हे माझ्या टिपणांत नव्हतं.

दुपारी त्याची मेल आली.
'स्टेशनला पाठवू का?'
फाइलचं नाव: ओगुतू_बिल_१.
तपशील: वारा.
दर महिना तीनशे शिलिंग.
तारीख चुकली होती, तेवढी दुरुस्त केली.
तीनशेवर एक शून्य चढवायला
बोट शिवशिवत होतं.
आवरलं.

उत्तरात एवढंच लिहिलं:
आरशासमोर म्हणून झालं का?