वाव

एदेल्मिराचं घर आज चालत जाणार आहे.
समुद्राने मागची कड दर हिवाळ्यात थोडी थोडी खाल्ली,
आता कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे थेट पाणी.
चिलोए बेटावर घर सोडून जात नाहीत,
घर घेऊन जातात:
ओंडक्यांवर चढवून, बैलांच्या आठ जोड्या जुंपून.

प्रश्न एवढाच, की वळणावर
एका बाजूला विजेचा खांब, दुसऱ्या बाजूला आरायानचं झाड,
आणि मधे वाव आहे का.

यास्नाने फोन काढला.
ती पुएर्तो मोन्तला शिकते, तिच्याकडे ॲप आहे.
"फोन सावकाश फिरवा," पडद्यावर आलं.
तिने सावकाश फिरवला.
"पृष्ठभाग शोधत आहे."
गवत वाऱ्यावर हलत होतं, धुकं उतरलेलं,
फोनला जमीन सापडेना.
चाळीस माणसं जिच्यावर उभी होती, ती.
मग कुणाचा तरी कुत्रा मधेच येऊन बसला
आणि पांढरा ठिपका त्याच्या पाठीवर नीट टेकला.
लोक हसले. यास्नाही, जरा उशिराने.

कुत्र्याला हाकललं. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत
पिवळी रेघ ताणली गेली, दोरीसारखी,
पण झोळ न पडणारी.
घर: वळचणीसकट सहा मीटर चाळीस.
वळण: सहा एकाहत्तर.
पुन्हा मोजलं: सहा अठ्ठावन्न.
पुन्हा: सहा एकाहत्तर.
"दोनदा आलं ते खरं धरायचं का?" नोल्बेर्तोने विचारलं.
त्यात खवचटपणा नव्हता. बैल त्याचे होते.

तेवढ्यात रोसामेल उठला,
खांबाला डावा हात टेकवून उभा राहिला, उजवा पसरला,
बोटाचं टोक जिथे संपलं तिथे सरकला
आणि पुन्हा पसरला,
हवेला कवेत घेत, एकेक वाव.
चार वाव, वर चार बोटं.
घर त्याने पहाटेच मोजलं होतं: चार वावांना एक वीत कमी.

त्याचा डावा हात कोपरात सरळ होत नाही,
बोटीच्या डोलकाठीवरून पडला तेव्हापासून.
त्याचं माप आखूड, आणि किती आखूड
ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक.
पण घरालाही तोच हात, वाटेलाही तोच.
त्याची चूक गावाला तोंडपाठ होती.
फोनची चूक अजून कुणाच्या ओळखीची नव्हती.

"निघेल," तो म्हणाला.
"निघेल बहुतेक," यास्ना म्हणाली.

आरोळी उठली. घर कण्हलं, हललं.
आत एदेल्मिरा, हट्टाने बसलेली,
सूपच्या पातेल्यावरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून.
वळणावर सगळ्यांनीच पोट आत घेतलं,
जणू त्याने घर अरुंद होणार होतं.

कडाक.

वळचणीची एक फळी, आलेर्सेच्या लाकडाची,
खांबाला लागून तुटली.
घर पार.
कुणाचं माप बरोबर, ते कुणी विचारलं नाही.
सफरचंदाची दारू आली, शिंपले शिजायला लागले,
फळी विस्तवात गेली.

जाकीट राहिलं म्हणून यास्ना जुन्या जागी परतली.
घराखालची माती उघडी पडली होती,
इतक्या वर्षांत पाऊस न पाहिलेली,
आणि तिच्यात एक काळा पडलेला चमचा.
ॲप चालूच होतं, बॅटरी नऊ टक्के.
तिने सहज फोन वर धरला:
रेघ तिथेच होती.
हवेत, जराशी तिरकी,
सहा मीटर चाळीस,
मागे समुद्र.

ती रेघेखालून पलीकडे गेली,
डोकं आपोआप खाली घेत.
मग आपलं आपल्यालाच हसू आलं तिला,
पण फोन बंद करवेना.

लांबून एदेल्मिराने हाक मारली, सूप निवतंय म्हणून,
नव्या जागेवरून,
जुन्याच दारातून.