सारख्या दोन तारा

तयार मिळतो, दिघेकाका म्हणाले होते,
पैसे टाकले की घरपोच येतो,
पण उघडून बघ, आत एक बाजू बहुतेक वेळा
जमिनीला टेकलेली असते,
आणि शेवटी बालुन नावाचा मध्यस्थ बसवून
दोन्ही बाजू सारख्या असल्याचं नाटक चालतं.
नाटक नको असेल तर स्वतः गुंडाळ.

मग तीन शुक्रवार मी शुक्रवारी बाजारात घालवले.
गंजके पान्हे, एकेकटे बूट,
किल्ल्या हरवलेली कुलुपं,
आणि युसुफभाईच्या गोणपाटावर
जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतून उपटलेला गँग कंडेन्सर,
पाकळ्या वाकलेल्या, दोन कप्पे, दांडा एकच.
‘आ शेनुं छे, बेन?’ उलट त्यानेच मला विचारलं.
‘हवानुं,’ मी म्हटलं,
आणि ते काही खोटं नव्हतं.
चाळीस रुपये.

पाकळ्या सरळ केल्या
भाच्याच्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने,
एकेक फट, साय मोडू नये अशा हाताने.
फ्रिजवाल्याकडून तांब्याची नळी आणली,
आत मीठ भरून, तोंडं ठोकून बंद करून
लोणच्याच्या बरणीवर वेढली. चौदा वेढे.
मधोमध तीन वेढ्यांचा वेगळा लिंक,
मोठ्या कॉइलला कुठेच न शिवणारा.
पलीकडे सगळं तसंच जातं,
अंतरपाट न हटवताच लग्न लागावं तसं.

दांडिया बाजारातल्या बोर्डवाल्याने
ॲक्रिलिकच्या कापट्या फुकट दिल्या.
तारांच्या शिडीला त्यांच्याच पायऱ्या केल्या.
कुठे अर्धी वेलांटी, कुठे ‘ज्वेलर्स’मधला ज्व.
पाच बोटं अंतर, गच्चीपासून खिडकीपर्यंत.
दोन्हीतली एकही जमिनीला बांधायची नाही,
हे काकांनी वहीत दोनदा लिहून ठेवलंय.

एकेका तारेवर टॉर्चचा एकेक दिवा.
बटण दाबलं.
डावा लख्ख. उजवा आजारी.

टॅप सरकवले, वेढे मोजले, दिवे अदलाबदल केले,
डाव्यालाच झुकतं माप.
काकांना विचारायचं तर
काका भाद्रपदात गेले.
वही उघडली. बावीसाव्या पानावर पेन्सिलीने:
‘एक मंद असेल तर ट्यूनरला शिव्या देऊ नये.
चपला घालून बाहेर जावे.’

बाहेर भूपेंद्रभाईंनी
उत्तरायणासाठी गच्चीवर पत्रा ठोकला होता,
उंधियूच्या पातेल्यावर आणि स्पीकरवर सावली म्हणून,
आणि माझी उजवी तार
त्या पत्र्याच्या कानाला लागून जात होती.
‘उत्तरायण सुधी रहेवा दो ने, काकी.’
पत्रा राहू दिला.
तारेला मात्र दर दोन हातांवर अर्धा पीळ दिला,
म्हणजे पत्र्याजवळून दोघींनी
आळीपाळीने जावं.
बोटं मांज्याने आधीच कापलेली,
त्यात डांबर, त्यात तांबं.
खाली येईपर्यंत अंधार.

पुन्हा बटण. दोन्ही दिवे सारखे.
मी उगीचच एक डोळा मिटून पाहिले,
मग दुसरा.

त्या रात्री चाळीस मीटरवर सांगलीचे एक गृहस्थ भेटले,
आवाज स्वच्छ, मागे कुत्रं.
सिग्नलचं कौतुक केलं, अँटेना विचारली,
मग जरा थांबून,
‘तुमचं मराठी कुठलं हो?
शेवटी ने ने काय करता?’
पुण्याचे भाचे त्याच ने ला हसतात,
आणि इथली भाजीवाली
माझ्या गुजरातीतल्या ळ ला.

मी म्हटलं, बडोद्याचं. इथलंच ने.

ते हसले. बोलत राहिले.
गच्चीवर कुणाचातरी पतंग तारेवर येऊन पडला असावा,
मीटरची सुई जराशी हलली,
दोन्ही दिवे एकदमच
थोडे उतरले, परत चढले.