एक वीट कमी

हे घर मीच बांधलं.
घरकुलाचे हप्ते येत गेले तसतसं,
कधी जोत्यापर्यंत, कधी लिंटलपर्यंत,
आणि स्लॅब एका दिवसात, चौदा माणसं लावून.
गिलावा असा घोटला
की मुंगीनं वाट विचारावी.
खैरीटोल्यात म्हणाले, दुलीचंदच्या हाताला फट माहीत नाही.
तेव्हा मी खुश झालो होतो.

पौषात बहीण बाळंतपणाला आली.
तळ्यावरून असं हिव यायचं
की लोट्यातलं पाणी दाताला चावे.
मायनं बाजेखाली सिगडी सरकवली,
लाल कोळसे, वर चिमूटभर ओवा,
जशी तिच्या मायनं तिच्या बाजेखाली सरकवली होती.
खिडकी घट्ट केली.
दाराखाली बोटभर जागा उरली होती,
तिथं जुनं लुगडं कोंबलं.

धूर नव्हता.
धूर असता तर बरं झालं असतं.
धूर भला माणूस, खोकत आत येतो,
डोळे चोळायला लावतो.
हा दुसरा जो निखाऱ्यातून निघतो
त्याला ना वास, ना रंग, ना पायरव.
तो नुसता झोपेवर झोप पांघरत जातो.

दोनच्या सुमारास लघवीला उठलो.
पडवीत उभा राहिलो आणि ध्यानात आलं,
पोट्टं तर तासातासाला रडते.
दार ढकललं, लुगडं अडलं.
खांदा लावला.
भुमेश्वरी म्हणाली, "भाऊ, डोकं जड झालं गा.
उठतो म्हणतो, पाय नाई ऐकत."
हसत म्हणाली, जवळजवळ.

आधी पोट्ट्याला उचललं, मग तिला ओढलं,
मग सिगडी. चिमटा कुठला सापडतो, हात पोळला.
अंगणात माय माझ्यावर ओरडत होती,
"काहून काढलं बाळंतिणीला हिवात? वारं लागंल!"
तेवढ्यात पोट्ट्यानं टाहो फोडला
आणि तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

दवाखान्यात नर्सबाईनं दोघांना नळी लावली.
विचारलं, घर कच्चं का पक्कं?
पक्कं, मी म्हणालो,
पहिल्यांदाच खाली पाहून.

मायचं काय चुकलं?
तिच्या बाजेवर कवेलू होते,
एकेक कवेलू म्हणजे एकेक नाकपुडी.
कोळसा तोच, सिगडी तीच.
छप्पर मी बदललं.

चौथ्या दिवशी छन्नी घेतली.
एक वीट वरून काढली, एक जमिनीलगत.
गोपीचंद कुंपणावरून, "अबे, नवं घर फोडून रायला का?"
फोडूनच रायलो, म्हटलं.
आता शेक दिवसा, दार सताड उघडं ठेवून,
आणि झोपायच्या आधी निखारा अंगणात, पाण्याचा सपका मारून.
माय कुरकुरते, पण स्वतःच नेते.
रात्री भोकातून हिव येते,
नेमकं माझ्या मानेवर.
येऊ दे.

परवा पलीकडच्या टोल्यावर काम घेतलं.
मालक म्हणाला, दुलीचंद, फट नको हं कुठं.
मी मान हलवली
आणि एक वीट बाजूला ठेवली.